खानापूरच्या पाटीवर मराठी कोठे आहे?

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळून खानापूर गाठते. नदीकाठच्या, सह्याद्रीच्या रानाच्या तोंडाशी वसलेल्या या गावी 1880 च्या दशकात आगगाडी आली. ती आणणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘सदर्न मराठा रेल्वे’. 1882 साली स्थापन झालेल्या या कंपनीने पुण्याहून मिरज, बेळगाव, खानापूर अशी वाट काढून लोंढ्याला गोव्याच्या मार्गाशी गाठ घातली.

पुढचा इतिहास नाव गळण्याचा आहे. 1908 साली ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. मराठा मागे ढकलला गेला. 1951 साली ‘सदर्न रेल्वे’ झाली. मराठा गाडीतून उतरविला गेला. 1966 साली दक्षिण-मध्य, 2003 साली दक्षिण-पश्चिम! नावे बदलली, 1990 च्या दशकात रूळही रुंद झाले. बदलला नाही तो फलाटावर उभा असलेला खानापूरकर. तो तेव्हाही मराठी बोलत होता, आजही मराठीच बोलतो.

आमचे विरोधक विचारतील, गोऱ्या कंपनीच्या नावावरून मुलुखाची मालकी ठरते काय? मुळीच ठरत नाही! इंग्रजांचा ‘सदर्न मराठा कंट्री’ धारवाडलाही पोटात घेत होता; धारवाड आम्ही मागत नाही. मलप्रभा कन्नड मुलखातून वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. तो मुलूखही आम्ही मागत नाही. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या मापाने मोजा व आमचे ते आम्हांस द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्या महाजन आयोगाने 1967 साली बेळगाव नाकारले, त्यालाही खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे म्हणावे लागले. बेळगाव तोडणारा तो अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, हे खरे. पण म्हणून खानापूरचे मराठीपण खोटे ठरत नाही.

आता पाटीकडे पाहा. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्टेशनच्या पाटीवर राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी यांना जागा आहे. कन्नडला आमचा विरोध नाही. कन्नड प्रवाशाला आपले स्टेशन आपल्या लिपीत वाचता आलेच पाहिजे. मग तोच न्याय मराठी प्रवाशाला का नाही? ‘देवनागरी आहे ना, आणखी मराठी कशाला?’ असा शहाजोग सल्ला आम्हांस दिला जातो. सल्लागारहो, हिंदी ‘खानापुर’ लिहिते, मराठी ‘खानापूर’ लिहिते! फरक एका ऱ्हस्व-दीर्घाचा आहे म्हणता? मग तो उकार दीर्घ करण्यास भीती कसली वाटते?

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याला दोन दशके उलटून गेली. न्यायदेवतेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु पाटीवर एक ओळ लिहिण्यास त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. रेल्वे केंद्र सरकारची आहे. राज्य सरकारच्या आडोशाला उभे राहून दिल्लीला हात झटकता येणार नाहीत. तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करावा, प्रत्येक ठराव हुबळीच्या रेल्वे कचेरीत पोचावा आणि त्याची पोच मागून घ्यावी. 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्यांनी उरलेले 364 दिवस हे काम केले, तरच त्या एका दिवसाला वजन येईल!