रोजच्या वापरांतील वस्तू : खिशांतील झरणी

पुष्कळ घरांतून आज एक गोष्ट आढळते. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चष्म्याच्या घराशेजारीं, आजोबांची झरणी, म्हणजे ज्याला आपण बोलतांना फौंटन पेन म्हणतों तें, रुमालांत गुंडाळून ठेविलेलें असतें. तें कोणी टाकीत नाहीं आणि कोणी वापरीतही नाहीं. ‘इतकी चांगली वस्तु बाहेर नेली तर गळेल, पडेल, हरवेल, घरांत असलेली बरी,’ असें म्हणून तिची जपणूक होते. परंतु दहा वर्षांनीं रुमाल सोडून पाहावें तों आंतली शाई वाळून खडा झालेली, रबरी पिशवी चिकटलेली आणि टोपण आट्यांत घट्ट बसलेलें! भाकरी कां करपली, पान कां सडलें आणि घोडा कां अडला, या तिन्ही प्रश्नांचें एकच उत्तर आपण लहानपणापासून जाणतों. झरणी कां सुकली, हा चौथा प्रश्न त्यांत खुशाल घालावा. ‘न फिरविल्यामुळें’ हेंच त्याचेंही उत्तर आहे.

तेव्हां झरणी टिकवावयाची असेल तर ती रोज बाळगली पाहिजे. आणि रोज बाळगावयाची तर कशी बाळगावी हें समजलें पाहिजे. नांदेड-लातूरकडील वाचकांस तर हा विषय विशेष अगत्याचा आहे, कारण तिकडचा उन्हाळा माणसांप्रमाणेंच लेखणीचीही परीक्षा पाहतो.

लेखणी बरोबर बाळगण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. बोरूच्या काळीं ती दोन प्रकारांनीं बाळगीत. घाईच्या वेळीं ती कानावर जाई आणि सावकाशीच्या वेळीं कलमदानांत. कलमदानाची ही चाल फारसी दरबारांतून आली. लांबट पेटी, तिच्या एका अंगास दौत जोडलेली, आणि प्रवासांत ती कमरेच्या शेल्यांत खोवलेली, असा मुनशी लोकांचा थाट असे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड व लातूर ही दोन्ही गांवें हैदराबाद संस्थानांत होतीं. कचेरीचें कामकाज उर्दूंत, घरचा हिशेब मोडींत आणि पोथी बाळबोधींत, असा तीन लिप्यांचा संसार तेथील सुशिक्षित गृहस्थाला करावा लागे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. एकाच हाताला दोन्ही दिशांची संवय! म्हणून त्या पिढीचें एखादें पेन आपल्या हातीं आलें आणि तें कागदावर किंचित् खरखरलें, तर लगेच त्याला नांवें ठेवूं नयेत. निबेचें टोंक लिहिणाऱ्याच्या धरण्याप्रमाणें झिजत असतें. तें त्यांच्या हाताला वळलेलें आहे. आपल्या हाताला वळण्यास त्याला थोडा अवधि दिला पाहिजे.

कलमदान जाऊन खिसा आला तो झरणीबरोबर. अमेरिकेंत लुइस वॉटरमन यानें आपल्या पेनाचें पेटंट १८८४ सालीं घेतलें. दौत आणि लेखणी एकाच नळींत आल्यामुळें वेगळी दौत बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु आरंभींच्या पेनांना क्लिप नसे. तीं खिशांत तळाशीं जाऊन आडवीं पडत, ओणवें झालें कीं घरंगळत आणि गळत. टोपणालाच क्लिप जडविण्याची युक्ति वॉटरमनच्या कंपनीनें १९०५ च्या सुमारास बाजारांत आणली. क्लिपेमुळें पेन हरवत नाहीं, हा तिचा लहान गुण. क्लिपेमुळें पेन उभें राहतें, हा तिचा मोठा गुण. आणि तोच आपण बहुधा विसरतों.

स्वदेशीच्या चळवळींत ही वस्तु आपल्याकडेही होऊं लागली. मुंबईस दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधु गोविंदराव यांनीं १९३१ सालीं शाईचा धंदा सुरू केला. आरंभीं घोडा छाप शाईची पूड व वड्या निघत. पुढें उंट छाप शाई आणि कॅम्लिन हें नांव घरोघर झालें. १९३२ च्या सुमारास आंध्रांत राजमहेंद्री येथें रत्नम् यांनीं पेनें बनविण्यास प्रारंभ केला. काळ्या टणक रबराचीं, हातानें कातलेलीं आणि चिमटीच्या नळीनें शाई भरण्याचीं अशीं पेनें आजही आपल्या देशांत तयार होतात. त्यांत शाई पुष्कळ मावते, म्हणून रोज लिहिणाराला तीं सोयीचीं पडतात. मात्र शाई जितकी अधिक मावेल, तितकी बाळगण्यांत सावधगिरी अधिक हवी. याचें कारण थोडक्यांत सांगतों.

पेन गळतें तें बहुधा फुटल्यामुळें नव्हे, तर पोटांतल्या हवेमुळें. हवा तापली म्हणजे फुगते. आपल्याकडील हवामानांत दर अंशास सुमारें तीनशेंवा हिस्सा, असें तिचें प्रमाण आहे. समजा, तीन मिलिलिटर शाई मावणारें पेन अर्धें रिकामें झालें आहे. म्हणजे त्यांत दीड मिलिलिटर हवा आहे. घराच्या गारव्यांत ३० अंशांवर असलेलें हें पेन खिशाला लावून आपण वैशाखाच्या दुपारीं ४० अंशांच्या उन्हांत निघालों. दहा अंशांच्या वाढीनें ती हवा तिसाव्या हिश्शानें फुगली, म्हणजे ०.०५ मिलिलिटर वाढली. एवढा म्हणजे बरोबर शाईचा एक थेंब! शिवाय शाईची वाफही त्यांत थोडी भर घालते. निबेखालच्या काळ्या जिभेला आडव्या खाचा असतात, त्या ही जादा शाई अडवून धरण्यासाठींच. पण त्यांनाही मर्यादा आहे. नांदेडास पारा ४२-४३ अंशांवर चढणें हें नवल नव्हे. तेव्हां तेथें सदऱ्यावर निळा डाग पडला तर दोष पेनाचा कीं बाळगण्याचा, याचा आधीं विचार करावा.

या एका कारणांतून सगळे नियम निघतात. पहिला नियम असा कीं पेन नेहमीं उभें आणि निब वरच्या अंगास असावी. मग फुगलेली हवा शाईच्या वर असते व निबेवाटें निमूट निघून जाते. पेन आडवें अगर उलटें असेल तर तीच हवा शाईला बाहेर ढकलते. दुसरा नियम, घराबाहेर पडतांना पेन शिगोशीग भरलेलें असावें. हवाच थोडी असली म्हणजे फुगणार काय? याकरितां रात्रीं निजण्यापूर्वीं शाई भरून, निबेचा गळा जुन्या धोतराच्या फडक्यानें पुसून ठेवण्याची संवय फार उपयोगी पडते. तिसरा नियम, उन्हांतून आल्याबरोबर टोपण झटक्यानें काढूं नये. निब वर धरून हळू फिरवावें, क्षणभर थांबावें आणि मग लिहावें. ज्यांना नांदेडाहून विमानानें जाण्याचा प्रसंग येतो, त्यांनाही हेच नियम लागू आहेत, कारण वर गेल्यावर बाहेरील हवेचा दाब कमी होऊन आंतली हवा तशीच फुगते.

आतां जागेविषयीं. सदऱ्याचा डावा खिसा ही सर्वांत ओळखीची जागा, पण ती निर्दोष नाहीं. तलम कापडाला जड पेनाची क्लिप ओढते आणि खिशाची कड फाटते. कडेला आंतून जाड कापडाची दोन बोटें रुंदीची पट्टी शिवून घेतली म्हणजे काम भागतें. नळावर अगर हौदावर वांकतांना पेन निसटून निबेवर पडतें, आणि निब एकदां मुडपली कीं पूर्वीचें वळण क्वचितच येतें; म्हणून वांकण्यापूर्वीं हात छातीशीं नेण्याची संवय लावावी. विजारीच्या खिशांत पेन कधींही ठेवूं नये. तेथें तें आडवें होतें, अंगाच्या उष्णतेनें तापतें आणि बसतांना मोडतें. मोटारसायकलच्या डिकींत किंवा उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ठेवणें तर त्याहून वाईट. काळ्या रबराचें पेन उन्हानें तपकिरी पडतें आणि मग तें तेज परत येत नाहीं. लातूरहून उदगिराला किंवा अहमदपुराला एस. टी. नें रोज जाणारे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनीं गाडीचे धक्के खाणाऱ्या पिशवीच्या तळाशीं पेन टाकूं नये. अंगावरच्या खिशांत धक्का पुष्कळ मवाळ होऊन पोहोंचतो.

पुरुषांना निदान खिसा तरी आहे. साडीला तो नाहीं. ज्या भगिनी शाळेंत, बँकेंत, न्यायालयांत काम करतात त्यांचें पेन पर्सच्या तळाशीं किल्ल्या आणि नाणीं यांच्यामध्यें आडवें लोळत असतें. त्यावर सोपा उपाय असा. खणाच्या किंवा जाड सुती कापडाच्या तुकड्याची, पेनापेक्षां दोन बोटें लांब अशी अरुंद पिशवी शिवावी. आंतून मऊ धोतराचें अस्तर लावावें, म्हणजे चुकून थेंब आलाच तर तें टिपून घेतें. तोंडाला एक बिरडें ठेवावें आणि ही पिशवी पर्सच्या आंतल्या कुशीला वरच्या कडेशीं टांके घालून उभी बसवावी. पूर्वींच्या बायकांच्या कमरेला पानसुपारीची चंची असे. तितकीच ही आटोपशीर होते आणि अर्ध्या तासांत शिवून पुरी होते. हीच पिशवी मुलांच्या दप्तराच्या बाजूस शिवली तर तेंही उत्तम. कंपासपेटींत पेन आडवें पडतें, म्हणून ती जागा टाळावी.

मुलांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लातुरास शिकवण्यांसाठीं सगळ्या मराठवाड्यांतून मुलें येतात. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेंत उत्तरांचे गोळे बॉलपेननेंच भरावे लागतात. तेथें झरणीचा आग्रह धरणें हा वेडेपणा होईल. परंतु वर्षभर वह्याच्या वह्या लिहितांना बॉलपेन दाबावें लागतें, झरणी नुसती टेंकवावी लागते. ज्या मुलाचा अंगठा संध्याकाळीं दुखतो, त्याला हा फरक महिन्याभरांत कळतो. शिवाय आठवड्यास दोन पेनें कचऱ्यांत टाकण्याचें थांबतें, हा घरखर्चाच्या आणि स्वच्छतेच्याही दृष्टीनें लाभच होय.

सुकण्याविषयीं थोडें. कोरड्या हवेंत दोन दिवस न लिहिलें तर निब सुकते. म्हणून रोज चार ओळी तरी लिहाव्या. आठवडाभर लिहावयाचें नसेल तर पेन रिकामें करून, धुऊन ठेवावें. बोरूची काजळी शाई किंवा चित्रकारांची न धुपणारी काळी शाई झरणींत कधींही भरूं नये. ती आंतल्या वाटा कायमच्या बंद करते. महिन्यांतून एकदां धुणें पुरे. विंधन विहिरीच्या जड पाण्यानें आंत क्षार बसतात, म्हणून क्षार नसलेलें पाणी घ्यावें. पाणी थंडच असावें. गरम पाण्यानें जुनें रबर विटतें. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील गृहिणीला पाण्याचें मोल कोणी शिकवावयास नको. त्यांनीं निश्चिंत असावें, कारण एका वाटीभर पाण्यांत एक पेन स्वच्छ होतें आणि तें पाणी कुंडींत न टाकतां जुनें फडकें भिजविण्यास वापरतां येतें.

खिशाला पेन लावणाऱ्याची ‘मिरवतो’ म्हणून थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. ही थट्टा जरा विचारानें करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढून मराठवाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचें दार उघडून दिलें. त्यांचे जे पुतळे गांवोगांवीं उभे आहेत त्यांपैकीं पुष्कळांत कोटाच्या वरच्या खिशाला पेन दिसतें. ज्यांच्या हातीं पिढ्यान् पिढ्या लेखणी येऊं दिली गेली नाहीं, त्यांना त्या पेनाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं पणजोबांच्या कानावर बोरू होता, त्या आपण मात्र आयतें आलेलें पेन रुमालांत गुंडाळून कपाटांत ठेवतों! मिरविण्यासाठीं पेन बाळगणें हें हास्यास्पद असेल. पण असून न बाळगणें हें त्याहून शोचनीय आहे.

तरी वाचकांनीं आणि विशेषतः वाचकभगिनींनीं येत्या रविवारीं ती वरची फळी एकदां झाडून पाहावी. पेन निघाल्यास रात्रभर थंड पाण्यांत निबेकडचा भाग भिजत घालावा. आटे घट्ट असल्यास जोर न करितां धीर धरावा. पिशवी चिकटली असेल तर तीं दुरुस्त करणारे कारागीर अजून मोठ्या शहरांत भेटतात. मग शाई भरून, निब वर करून तें घरांतल्या सर्वांत अधिक लिहिणाराच्या हातीं द्यावें. तो मुलगा असो, सून असो कीं नात असो. आजोबांची आठवण रुमालांत बांधून राहत नाहीं. त्यांच्या पेनानें घरांत रोज कांहीं तरी लिहिलें जाऊं लागलें, म्हणजे ती आपोआप राहते.