द्राक्षारसावर नवी आज्ञा नको

आपल्या अनेक मराठी मंडळ्यांत एक वाक्य नियमशास्त्राच्या वजनाने उच्चारले जाते: खऱ्या ख्रिस्ती माणसाने दारूचा थेंबही घेऊ नये. सल्ला म्हणून मला त्याचा आदर आहे. पण देवाची आज्ञा म्हणून ते सांगितले जाते तेव्हा विरोध करावाच लागतो, कारण पवित्र शास्त्रात अशी आज्ञा नाही.

नीतिसूत्रांत मद्यप्याचे लाल डोळे, भांडणे आणि जखमा यांचे चित्र आहे, आणि ते भयंकर खरे आहे. पण तो इशारा प्याल्यापाशी रेंगाळणाऱ्याला आहे. त्याच शास्त्रातले १०४ वे स्तोत्र द्राक्षारसाला तेल आणि भाकरीच्या शेजारी, देवाच्या देणग्यांत बसवते. अनुवादाच्या १४ व्या अध्यायात दूर राहणाऱ्या इस्राएली माणसाला दशमांशाच्या पैशांतून द्राक्षारस आणि मद्य घेऊन परमेश्वरासमोर आनंद करण्याची मुभा आहे. नाजीराला ते वर्ज्य होते, पण व्रत म्हणून. सर्वांनाच वर्ज्य असते तर वेगळे व्रत कशाला लागले असते?

मग सांगितले जाते की काना गावच्या लग्नात येशूने केलेला द्राक्षारस न आंबलेला होता. नाशिक-सांगलीकडच्या माणसाला हे चटकन पटते, कारण आपल्याकडे पुनरुत्थानाच्या सणाआधी बाजार ताज्या द्राक्षांनी भरलेला असतो. पॅलेस्टाईनमध्ये मात्र द्राक्षतोड उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होई, आणि या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वल्हांडण आल्याचे योहान सांगतो, म्हणजे ऋतू वसंताचा. पिळलेला रस तिथल्या हवेत काही दिवसांतच आंबतो. शिवाय भोजनकारभारी काय म्हणतो ते पाहा: पाहुण्यांना चढली की लोक हलका माल पुढे करतात. साध्या रसाबद्दल असे कोण बोलेल? रस न आंबवता टिकवण्याची रीत प्रभुभोजनासाठी रुळली ती १८६९ नंतर, न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थामुळे. त्याआधीची अठरा शतके मंडळी सरसकट पापात होती, असे म्हणायचे का? कॅथलिक वेदीवर तर आजही द्राक्षांची खरी वाइनच लागते.

संपूर्ण वर्ज्याचा आग्रह आपल्याकडे मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर आला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. १८२६ मध्ये बोस्टनला मद्यवर्जन संस्था निघाली आणि ती लाट पुढे इथवर आली. त्यांचा कळवळा खरा होता. सरकार अबकारीच्या पैशावर पोसले जात होते, आणि जोतीराव फुल्यांनीही पुण्यातल्या गुत्त्यांना विरोध केला होता. गुत्ता बंद करा, हे म्हणणे तेव्हाही योग्य होते आणि आजही आहे. पण त्यासाठी शास्त्राच्या तोंडी नवे शब्द घालण्याची गरज नाही.

दुसऱ्या टोकाच्या बंधूंशीही माझे भांडण आहे. येशूने द्राक्षारस केला म्हणून आमची व्हिस्की चालते, हा त्यांचा हिशेब खोटा आहे. त्या काळी द्राक्षारसात पाणी मिसळण्याची रीत सर्रास होती. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडासा द्राक्षारस सुचवला, पण ते आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि घरातल्या मुलांच्या फीच्या पैशांतून जो पेला भरला जातो, तो लहान असला तरी मर्यादेतला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: नाताळच्या जेवणात एखाद्या भावाने पेलाभर वाइन घेतली तर त्याचे प्रभुभोजन थांबवू नका, त्याला साक्षीतून किंवा सेवेतून बाजूला काढू नका. पण त्याच पंक्तीत दारू सोडण्यासाठी रोज झगडणारा कुणी बसला असेल, तर पेला भावाने आपणहून दूर सारावा. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय हेच मागतो. तो भाग प्रीतीचा आहे, आणि सक्ती केली की प्रीतीला जागाच उरत नाही. प्रभुभोजनात रस वापरणाऱ्या मंडळ्यांनी तो याच कारणासाठी खुशाल वापरावा, आणि कारण तेवढेच सांगावे. करिंथच्या मंडळीत लोक थेट प्रभुभोजनातच झिंगत होते. पौलाने त्यांना कडक शब्दांत झापले, एकमेकांसाठी थांबायला सांगितले, पण प्याला मात्र मेजावरून उचलला नाही.