आधी मोजा, मग वेग वाढवा

संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला लागलात, की आपला प्रोग्रॅम अधिक वेगाने चालावा असा मोह तुम्हाला होईल. मोह वाईट नाही. पण तो केव्हा आवरायचा, हे कळले पाहिजे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने लंबकाच्या गतीचे गणित करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याला १०० सेकंद लागत. विद्यार्थ्याने दोन दिवस खपून सूत्रांची काटछाट केली. वाचले जेमतेम दोन सेकंद, आणि त्या खटपटीत एक ऋण चिन्ह गळाले. हवेचा विरोध असूनही लंबकाचा झोका वाढतच गेला! मग आम्ही मूळ प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाला लागणारा वेळ मोजला. ९५ सेकंद नुसते पडद्यावर आकडे छापण्यात जात होते; गणिताला फक्त ५. म्हणजे गणित शून्य वेळात झाले असते, तरी पाचच सेकंद वाचले असते. दर हजाराव्या पायरीचाच आकडा छापायचे ठरवले आणि काम भागले.

हा अनुभव नवा नाही. डोनाल्ड कनूथ यांनी फोरट्रान भाषेतील अनेक प्रोग्रॅम तपासून १९७१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहून कमी भागातच सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो, असे त्यांना आढळले. तो भाग कोणता, हे अंदाजाने सांगता येत नाही.

मग वेगाचा विचार आधी करूच नये काय? पद्धत निवडताना अवश्य करावा. १० लाखांच्या आसपासची संख्या मूळ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्याहून लहान प्रत्येक संख्येने भागत बसलात, तर सुमारे १० लाख भागाकार करावे लागतील. पण संख्येचे दोन अवयव पाडले, तर त्यांतला एक तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतोच. म्हणून सुमारे १,००० भागाकार पुरतात. हा लाभ विचाराचा आहे, काटछाटीचा नव्हे.

एकदाच चालवायच्या प्रोग्रॅमचे एक मिनिट वाचवण्यासाठी दिवस घालवू नका. लाखो लोक रोज वापरतात, तेथे मात्र सेकंदाचा अंशही मोलाचा.

शिक्षकांनीही चलाख प्रोग्रॅमला शाबासकी देण्यापूर्वी, “उत्तर बरोबर आहे का? वेळ मोजलास का?” असे विचारावे. प्रयोगशाळेत आपण मोजल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. संगणकापुढे बसल्यावर ती शिस्त का सोडावी?