साथ डोळ्यांची, वाट हातांची

डोळे आलेला माणूस समोर आला की आपण नजर वळवतो. त्याच्या डोळ्यांत पाहिले तर आपलेही डोळे येतील, ही समजूत घराघरांत इतकी मुरली आहे की शिकलेली माणसेही नकळत मान फिरवतात. आजारी माणसाने काळा चष्मा लावला की आजूबाजूच्यांना हायसे वाटते. मग तोच माणूस नुकताच डोळा पुसलेल्या हाताने सुटे पैसे पुढे करतो, आपण ते घेतो आणि थोड्या वेळाने त्याच बोटांनी आपली पापणी चोळतो. पाहण्याने ही साथ पसरत नाही. ती लागते डोळ्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतो तो बहुतेक वेळा हात.

बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. वैद्यकात त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. त्याला सूज आली की एरवी न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लालभडक होतो. सूज येण्याची कारणे मात्र वेगवेगळी असतात. धूळ किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर दोन्ही डोळ्यांना विलक्षण खाज सुटते, पण ती कुणाला लागत नाही. जिवाणूंमुळे डोळे आले तर घट्ट, पिवळसर चिपडे येतात आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. साथीत गावेच्या गावे लाल डोळ्यांनी फिरतात, तेव्हा त्यामागे बहुधा विषाणू असतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे टोचते, सारखे पाणी येते, कधी कानापुढची गाठ दुखते. आधी एक डोळा येतो आणि एकदोन दिवसांनी दुसरा. हा दुसरा डोळा पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच हाताने किंवा रुमालाने आलेला असतो. साथ कशी पसरते ते एका चेहऱ्यावरच पाहायला मिळते.

या विषाणूंपैकी सर्वांत नेहमीचा म्हणजे ॲडिनोव्हायरस. दुसरा गट आतड्यांच्या विषाणूंच्या कुळातला, म्हणजे एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४. या दुसऱ्या गटाची साथ वणव्यासारखी पसरते, कारण संसर्ग झाल्यापासून एकदोन दिवसांतच डोळे येतात. १९६९ मध्ये घानातल्या आक्रा शहरात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली. अपोलो ११ चंद्रावर उतरले तोच हा सुमार, म्हणून तिथल्या लोकांनी आजाराला अपोलोचे नाव दिले. १९७१ मध्ये ती कोलकात्यात पोचली. त्या वेळी पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि लोक या आजाराला ‘जय बांगला’ म्हणू लागले. तमिळनाडूत आणि आसपास आजही तो ‘मद्रास आय’ आहे. डोळे येण्याला माणसांनी नेहमी दुसऱ्या कुणाचे तरी नाव दिले: चंद्राचे, निर्वासितांचे, एखाद्या शहराचे. घरातल्या सामाईक टॉवेलचे नाव त्याला कुणी दिले नाही.

महाराष्ट्राने ही साथ जवळून पाहिली ती २०२३ च्या पावसाळ्यात. जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि बघता बघता ती राज्यभर पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस सापडला. आळंदीत ती आधी ठळकपणे दिसावी यात नवल नाही. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले तिथे एकत्र राहतात. एका खोलीत अनेक अंथरुणे, तोंड धुवायला एकच बादली, दोरीवर वाळत घातलेले एकसारखे पंचे. विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

एक जुनी हकिकत इथे सविस्तर सांगायला हवी. १९४१ च्या सुमारास हवाईतल्या पर्ल हार्बर गोदीत आणि नंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांत हजारो कामगारांचे डोळे आले. आजाराला ‘गोदीचा डोळा’ असे नावच पडले. जोडकाम करताना कामगारांच्या डोळ्यात लोखंडाचे कण उडत आणि ते काढून घ्यायला ते गोदीतल्या दवाखान्यात जात. साथीचे केंद्र नेमके तिथेच होते. कण काढणाऱ्याचे हात, उपकरणे आणि औषधाची ड्रॉपरची बाटली एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे जात होती. निरोगी डोळ्यात कण गेला म्हणून आलेला कामगार आजार घेऊन घरी परतत होता. ॲडिनोव्हायरसचा ८ क्रमांकाचा प्रकार पुढे १९५५ मध्ये वेगळा करता आला आणि या आजाराचे कारण कळले. पण हात धुण्याचे महत्त्व समजायला विषाणूचे नाव कळण्याची गरज नव्हती. आपल्याकडे नेत्रतपासणी शिबिरात रांगेतल्या प्रत्येकाची पापणी एकाच बोटाने उघडली जाते, तेव्हा ही गोदी आठवायला हवी.

हात धुवायचे ते साबणाने आणि वाहत्या पाण्याने. करोनाच्या काळात खिशात आलेल्या सॅनिटायझरवर इथे विसंबता येत नाही. या विषाणूंना बाहेरून स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर तितके चालत नाही. ॲडिनोव्हायरस तर दाराची कडी, मोबाइल, उशीचा अभ्रा अशा कोरड्या वस्तूंवरही कित्येक दिवस तग धरतो. म्हणून आजारी माणसाचा टॉवेल, अभ्रा आणि काजळाची डबी वेगळी हवी आणि कपडे गरम पाण्यात धुतलेले हवेत. काळ्या चष्म्याने प्रकाशाचा त्रास कमी होतो आणि हात वारंवार डोळ्याकडे जात नाही. त्याचा उपयोग एवढाच, पण तोही कमी नाही.

विषाणूने आलेले डोळे बहुधा एकदोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. जिवाणूनाशक थेंबांचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. तरीही औषधाच्या दुकानात ‘डोळे आलेत, काहीतरी द्या’ म्हटले की एक बाटली हातात पडते, आणि खरी चिंता या बाटलीची आहे. अनेक थेंबांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली झपाट्याने उतरते, माणूस खूश होतो, शेजाऱ्यालाही तेच नाव सांगतो. पण डोळे नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूने आले असतील तर स्टिरॉइडने बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला कायमची जखम होऊ शकते, आणि ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदूही होऊ शकतो. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. साथीच्या दिवसांत अन्न व औषध प्रशासनाने दुकानांवर बारीक लक्ष ठेवलेच पाहिजे.

घरगुती उपायांचेही तेच. गुलाबपाणी, मध, कोथिंबिरीचा रस, आईचे दूध हे सारे प्रेमापोटीच डोळ्यात घातले जाते, पण त्यातले काहीच निर्जंतुक नसते. स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे, त्याने आराम पडतो. मात्र दिसणे अंधुक झाले, डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना, किंवा रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. नवजात बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल तर तासाभराचीही वाट पाहू नये. प्रसूतीच्या वेळी आईकडून लागणारा गनोरिया बाळाची दृष्टी काही दिवसांत हिरावून घेऊ शकतो. लायप्झिगमधल्या कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास जन्मतःच बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली, आणि त्यांच्या प्रसूतिगृहात हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आजारी माणसाने घरी राहावे, हा सल्ला प्रत्येक साथीत दिला जातो. तो पाळणे कुणाला परवडते, याचा विचार फारसा होत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे चार खाडे झाले की चार दिवसांचे पैसे कापले जातात, म्हणून ती लाल डोळ्यांनी कामावर येते आणि आपण तिच्याकडे न पाहता भांडी घासून घेतो. रोजंदारीवरचा मजूर, रिक्षाचालक, भाजीवाला यांचेही तसेच. शाळेत पूर्ण हजेरीचे बक्षीस असते, तेव्हा डोळे चोळत वर्गात बसलेल्या मुलाला दोष देता येत नाही. साथीच्या आठवड्यात शाळांनी ही हजेरी मोजणे थांबवावे आणि घरमालकिणींनी खाडे भरून द्यावेत. आश्रमशाळांना आणि वसतिगृहांना समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांनी पावसाळ्याआधी प्रत्येक मुलामागे एक पंचा आणि एक साबणवडी पुरवावी, आणि पंच्याच्या कोपऱ्यात त्या मुलाचे नाव दोऱ्याने विणलेले असावे.