क्षेत्रसभेत सोळाव्या वर्षीही जागा हवी

महापालिकेच्या सेवा ठरवताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचेही म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये रखडलेल्या पालिका निवडणुका घेण्याचा आदेश दिला. चर्चा मात्र प्रभागरचना, आरक्षण आणि उमेदवारीभोवतीच फिरत राहिली.

महापालिका कायद्यातील क्षेत्रसभा (प्रभागातील एकेका भागाची सभा) मतदारांपुरती आहे. म्हणजे पुण्यात पीएमपी बसच्या गर्दीत उभी राहून रोज कॉलेज गाठणारी मुलगी तिथे बसमार्गाविषयी बोलू शकत नाही, मोटारीतून फिरणारे तिचे शेजारी बोलू शकतात. अर्थात, ही सभा भरलीच तर!

क्षेत्रसभेचे दार उघडायला कायदा बदलावा लागेल; पण पुण्यात 2006 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. तशाच सूचना महाविद्यालयांत जाऊन घ्यायला कायदादुरुस्ती कशाला हवी? येत्या अंदाजपत्रकापूर्वी महापालिकेने हे करावे आणि नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण लेखी कळवावे.