रीसेटच्या आधी सर्व्हर पाहा

अँड्रॉइडची किंवा आयओएसची नवी आवृत्ती आली की पुढचे काही दिवस काउंटरवर एकच तक्रार येते: ‘अपडेट केलं आणि सगळे नंबर गेले.’ त्यावर आपल्या धंद्यातला उपायही ठरलेला आहे. अकाउंट काढून पुन्हा टाकायचे, तेवढ्याने भागले नाही तर फॅक्टरी रीसेट. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. नंबर खरोखर गेले आहेत की नुसते दिसत नाहीत, याचा निकाल लागेपर्यंत फोनमधले काहीही पुसू नये.

कारण फोनमधली कॉन्टॅक्टची यादी दिसते एक, असते अनेक. 2009 साली आलेल्या 2.0 आवृत्तीपासून अँड्रॉइड प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या अकाउंटची, हेही लिहून ठेवतो. ‘सुनील प्लंबर’ गुगलमध्ये, ‘मावशी पुणे’ सिमवर आणि दुकानाची उधारीवाली गिऱ्हाइके नुसती फोनमध्ये, अशी वाटणी मालकाच्या नकळत झालेली असते. अपग्रेडनंतर कॉन्टॅक्ट ॲपचा फिल्टर एकाच अकाउंटवर जाऊन बसला, तर बाकीच्या नोंदी जागच्या जागी असूनही दिसत नाहीत. कॅलेंडरची गोष्ट थोडी निराळी. मागच्या वेळी कुठवर उतरवून घेतले याची खूण, म्हणजे सिंक टोकन, फोन जपून ठेवतो. ती खूण जुनी ठरली की गुगल कॅलेंडरचा सर्व्हर 410 हा कोड पाठवतो आणि सगळ्या नोंदी पहिल्यापासून उतरवाव्या लागतात. त्यातच 2015 च्या अँड्रॉइड 6.0 पासून डोझ आहे: चार्जरवर नसलेला, पडदा बंद करून ठेवलेला फोन सिंक रोखून धरतो. अशा फोनला चार्जर, वाय-फाय आणि थोडा वेळ एवढेच औषध लागते. आयफोनवर जुन्या भेटीगाठी दिसत नसतील, तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये सिंकची मुदत एका महिन्यावर तर नाही ना, हे आधी पाहावे.

अकाउंट काढून टाकल्याने काम होते, मग एवढा घोळ कशाला, असा आक्षेप येईल. काम होते हे खरेच. विशेषतः जुन्या पद्धतीने, नुसत्या पासवर्डवर जोडलेल्या अकाउंटना दुसरा इलाजही नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइनवर ती पद्धत ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला घेतली. पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो, आणि खापर फुटते अपडेटवर. पण अकाउंट काढताना त्याची फोनमधली प्रत पुसली जाते, आणि सर्व्हरपर्यंत न पोचलेल्या नोंदी तिच्याबरोबर जातात. सिंक बंद पडून दोन महिने झाले असतील, तर त्या दोन महिन्यांतले नवे नंबर नेमके तेच असतात. म्हणून आधी कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाइल काढावी, मग ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाला स्वतःच लॉगिन करायला लावून सर्व्हरवर काय आहे ते पाहावे. पासवर्ड आपण विचारू नये. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये मागच्या 30 दिवसांतले बदल उलटवता येतात, ही सोय फार थोड्या काउंटरवर वापरली जाते.

दुसरा आक्षेप वेळेचा: गर्दीत एवढे कोण बघत बसणार? रीसेट लवकर होतो, हा हिशेब मुळात कच्चा आहे. आपल्याकडे कितीतरी फोनवरचे गुगल अकाउंट विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेले असते, पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो. रिकव्हरी मेनूतून असा फोन रीसेट केला की अँड्रॉइड 5.1 पासूनचे रीसेट-संरक्षण जुनेच अकाउंट मागते. म्हणजे नंबर गेले ते गेले, वर फोनही अडकला. हे निस्तरायला लागणारा वेळ कोणी मोजत नाही.

जॉब कार्डावर यासाठी तीन रकाने पुरतील: फोनवर किती नोंदी दिसतात, सर्व्हरवर किती, आणि व्हीसीएफ घेतली का. ते भरून त्याखाली गिऱ्हाइकाची सही झाल्यावरच अकाउंटला हात लावावा.