कारवानी आणलाय ना, मग साखळी कशाला?

पळता येईना म्हणून शिकाऱ्यानं सोडलेला कारवानी घरी आणणाऱ्याचं कौतुकच. (सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, तरी चालते. असो.) पण भोकरदनकरांनो, राखणीला म्हणून साखळीनं बांधूनच ठेवायचा असेल तर आणता कशाला? हा ग्रेहाउंडचा भाऊबंद, वासावर नाही, नजरेवर धावतो. कोंबडी पळाली की झेपावणारच, त्यात त्याचा काय दोष? कोंबड्या डालून ठेवा, त्याला पट्ट्यावर फिरवा. अंगावर चरबी नाही, फरशी टोचते. जुनी गोधडी द्या. पहिले काही दिवस कोपऱ्यात बसेल, बसू द्या. पोरांना लगेच अंगचटीला जाऊ देऊ नका. रेबीजची लस आधी, रील नंतर. आणि महिन्याभरात कंटाळून सोडून देणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे, बरं का.